उद्या सकाळी येतो जी
घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी विहीर असली पाहिजे. नळ असता तर त्याने म्हणीला तिसरा चरण जोडला असता. लग्न एकदा लागले की लागले, घरही एकदा स्लॅब पडला की उभे राहते. पण नळ एकदा बसवला म्हणजे बसला, असे होत नाही. तो आज बसतो, उद्या उठतो आणि परवा रात्री दोन वाजता रडायला लागतो.

आम्ही मानोऱ्याचे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमचा जिल्हा बदलला, बाकी आम्ही होतो तसेच राहिलो. येथल्या शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले. एक नळ हौद ३ तासांत भरतो, दुसरा तो ४ तासांत रिकामा करतो, दोन्ही उघडे ठेवले तर हौद किती तासांत भरेल? हे गणित मी किती पिढ्यांना घातले असेल याची गणती नाही. या गणितातला दुसरा नळ एके दिवशी माझ्याच घरी वस्तीला येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून घर बांधले, त्याला आता चार वर्षे झाली. नळाच्या कामासाठी दोघांनी भाव दिले. एक माझाच जुना विद्यार्थी. मजुरीचे अठरा हजार म्हणाला आणि वर अटीही घातल्या. गरम पाण्याला वेगळा पाइप लागेल, टाइल लावण्याआधी एक दिवस सगळ्या लाइनीत दाबाने पाणी भरून ठेवावे लागेल, तोवर गवंड्याने भिंतीला हात लावायचा नाही. दुसरा गृहस्थ अकरा हजार म्हणाला आणि अट एकही घातली नाही. गणिताच्या मास्तराने कोणाला काम दिले असेल, हे वाचकांना सांगायला नकोच. आमच्या मंडळींनी त्या वेळी, "अहो, तो मुलगा बरोबर बोलतोय," एवढे एकच वाक्य म्हटले होते. ते त्यांनी पुढे चार वर्षांत सुमारे चारशे वेळा म्हटले.

घर झाल्यावर चौथ्या महिन्यात न्हाणीघरातली तोटी टपकू लागली. रात्री १० ला मी तिच्याखाली बादली ठेवली आणि सकाळी ६ ला मापाने पाणी मोजले. ६ लिटर भरले. म्हणजे दिवसाला १८ लिटर, वर्षाला ६,५७० लिटर. आमची १,००० लिटरची टाकी साडेसहा वेळा गटारात जाणार! वऱ्हाडातला वैशाख ज्याने काढला आहे, त्याला असे गणित सुटल्यावर झोप लागत नाही. अकरा हजारवाल्याला फोन केला. "उद्या सकाळी येतो जी," तो म्हणाला.

या वाक्याचा मी पुष्कळ अभ्यास केला आहे. यातला 'उद्या' पंचांगात सापडत नाही, 'सकाळी' म्हणजे सूर्य आकाशात असतानाची कोणतीही वेळ, आणि 'येतो' हे क्रियापद असले तरी त्यात क्रिया नसते. खरा शब्द एकच, तो म्हणजे शेवटचा 'जी'. तो इतका गोड लागतो की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो.

नवव्या उद्याला तो आला. तोटी बदलली, पैसे घेतले, गेला. त्याने पांढरी टेप आट्यांवर उलटी गुंडाळली होती. ती आट्यांच्या दिशेने घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळली तर तोटी फिरवताना तीच सुटून गोळा होते. हे ज्ञान मला पुढे झाले. तेव्हा एवढेच झाले की तोटी टपकायची थांबली आणि भिंतीतून पाझरू लागली.

मग दुसरा कारागीर आणला, मग तिसरा. या मंडळींचा एक ठरलेला विधी आहे. आल्यावर कंबरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहायचे, मान हलवायची आणि विचारायचे, "हे काम कोनं केलं जी?" सूर असा, की रोगी आधीच्या वैद्याने मारला आहे, आता आपण फक्त प्रयत्न करायचे. तिसऱ्याकडून काम न झाल्याने आम्ही पुन्हा पहिल्याला बोलावले, तर त्यानेही कंबरेवर हात ठेवून विचारले, "हे काम कोनं केलं जी?" मी म्हटले, "तुम्हीच." त्यावर तो जराही न गडबडता म्हणाला, "तरीच मले ओळखीचं वाटून राह्यलं."

एव्हाना दुरुस्तीवर नऊ हजार चारशे गेले होते. भाव ठरवताना वाचवलेले सात हजार यातून वजा करून पाहा. मी केले नाहीत.

मागे एकदा शाळेची सहल घेऊन मी तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. तेथल्या पाणचक्कीला दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणले आहे. मलिक अंबरने तर सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या शहराला नहरीने पाणी पाजले. मी मुलांना उंची, उतार आणि दाब समजावून सांगत होतो. मागच्या रांगेतला एक मुलगा ऐकत नव्हता, तो खाली वाकून नळाचा सांधा बघत होता. परत आल्यावर वर्गात त्याचे हौदाचे गणित चुकले, तेव्हा मी म्हणालो, "तू आयुष्यभर नळच दुरुस्त करशील." वर्ग हसला. मीही हसलो. अठरा हजार सांगणारा तो हाच.

आता गेल्या दिवाळीकडे येतो. नरक चतुर्दशी. मुलगी, जावई, नातवंडे असे सात जण अभ्यंगस्नानाला, म्हणून गीझर पहाटे चारपासून चालू. उटणे कालवलेले, मोती साबण उघडलेला, धाकटा नातू तेलाने माखून हुडहुडत उभा. पहिले स्नान जावईबापूंचे. त्यांच्या डोक्यावर दुसरा तांब्या पडतो न पडतो तोच भिंतीत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि गरम पाणी पलीकडे आईच्या खोलीत शिरले.

आई त्र्याऐंशी वर्षांची. पणत्यांचा उजेड दिसला म्हणून ती उठून बसली होती. तिने पाय खाली ठेवला तो पाण्यात. ती पडली नाही. पलंगाची कड हाताला लागली म्हणून पडली नाही. मी दारात पोचलो तेव्हा ती कड घट्ट धरून उभी होती आणि मलाच म्हणत होती, "सांभाळून ये रे, ओलं आहे."

त्या दिवशी सकाळी आमच्या मंडळींनी ते चारशे वेळा म्हटलेले वाक्य म्हटले नाही. फक्त म्हणाल्या, "तो मुलगा पुण्याहून दिवाळीला आलाय. तुम्ही फोन करता की मी करू?"

मीच केला. 'उद्या' म्हणाला नाही. अर्ध्या तासात आला, केसांना अभ्यंगाचे तेल तसेच होते. भिंतीसमोर बसला, दोन टाइला अलगद काढल्या. "हे काम कोनं केलं" असे त्याने विचारले नाही. त्याला ठाऊकच होते.

"सर, हा थंड्या पान्याचा पाइप हाये," तो म्हणाला. "साधा पीव्हीसी. गरम पान्यानं नरम होते. इथं सीपीव्हीसी पाह्यजे होता, तो नव्वद डिग्रीलेही दाद देत नाही." त्याने पाइप सरळ कापला, कड घासली, सोल्युशन लावले, सांध्यात घालून पाव फेरा दिला आणि तसाच दाबून धरून बसला. मी पाणी सोडायला वाल्वकडे निघालो तर ओरडला, "नोका सर! उद्यापर्यंत नोका. चिकटाले टाइम लागते." आयुष्यात प्रथमच 'उद्या' या शब्दाचा अर्थ उद्या असा झाला. आम्ही सगळ्यांनी गॅसवर तापवलेल्या पाण्याने आंघोळी केल्या, आणि नातवंडांना तेच जास्त आवडले.

दुसऱ्या दिवशी त्याने पाणी सोडले आणि तासभर भिंतीला हात लावून बसला. बसल्या बसल्या पुण्याचे सांगत होता. साइटवरचा त्याचा उस्ताद ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. त्या भागातली माणसे देशभर हेच काम करतात, पट्टामुंडाईला नळकाम शिकवणारी संस्थासुद्धा आहे. उस्तादाने पहिले सहा महिने याला सांधा जोडू दिला नाही, नुसते पाइप कापायला लावले. मी विचारले, "मानोऱ्यात का नाही राहत?" तो म्हणाला, "इथं लोक आधी भाव इचारते जी, काम मंग." कोणते लोक, ते त्याने सांगितले नाही.

त्याने बाराशे रुपये मागितले. सवयीने माझ्या तोंडून "काही कमी..." एवढे बाहेर पडले. आमच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले. मी पंधराशे दिले, त्याने तीनशे परत केले.

जाताना दारात मला काहीतरी बोलायचे होते, वर्गात मी जे बोललो होतो त्याविषयी. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, ते हौदाचं गणित मले आता येते. बारा तास."

"बरोबर," मी म्हणालो.

"पन सर, तो रिकामा करनारा नळ तुमी उघडा ठेवताच कायले? आधी तो बंद करा न."

तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही हुशार मुलाने विचारला नव्हता.

भाऊबीज करून तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेला. त्यानंतर आठवड्याने स्वयंपाकघरातली तोटी टपकू लागली. त्याला फोन केला तर म्हणाला, संक्रांतीला सुट्टी मिळाली तर येतो, नाहीतर होळीला. तोवर दुसरे कोणी मिळते का पाहावे, म्हणून गावातल्या एका नव्या कारागिराचा नंबर मिळवला आणि या वेळी भाव विचारलाच नाही. तो फार अदबीने बोलला. उद्या सकाळी येतो जी, म्हणाला. मी तोटीखाली बादली ठेवली आहे.