‘होमली’ कन्या

नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांत उपवर कन्येचा परिचय इंग्रजी विशेषणांवाचून आता क्वचितच लिहिला जातो. कन्या ‘होमली’ असते. म्हणजे गृहकृत्यदक्ष, असा पित्याचा भाव. परंतु हाच कागद अमेरिकेतील स्थळाकडे गेला, तर तेथील इंग्रजीत या शब्दाचा रूढ अर्थ ‘रूपाने यथातथा, किंबहुना कुरूप’ असा आहे! ‘स्किनी’ म्हटले की मुलगी हडकुळी ठरते. सांगावयाची असते शेलाटी.

रंगाची कथा याहून शोचनीय. सावळा, गव्हाळ, निमगोरा, केतकी इतक्या छटा जिच्यापाशी आहेत, त्या भाषेची माणसे ‘फेअर’ आणि ‘व्हीटिश’ या दोन कप्प्यांत मुली कोंबतात. त्यांतील ‘व्हीटिश’ इंग्लंडात सहसा कोणास ठाऊकही नसतो. सावळ्या विठ्ठलासाठी पंढरीची वाट चालणाऱ्या घरात सावळी लेक कागदावर ‘फेअर’ व्हावी, आणि पाहण्याच्या दिवशी तिनेच खाली मान घालावी, हा कोठला न्याय? ‘फेअर अँड लव्हली’ मलमाच्या मालकांनीसुद्धा २०२० साली नावातून ‘फेअर’ गाळला. आमच्या वधुपित्यांस तेवढेही धैर्य होऊ नये!

इंग्रजीच हवी असेल, तर शेलाटीस ‘स्लेंडर’ म्हणा, सावळीस ‘डस्की’ म्हणा. ‘होमली’ मात्र आजच खोडा.