खेळातले विमान, खरी जबाबदारी

उडणारे खेळणे ही केवळ मुलांच्या करमणुकीची बाब आहे, असे मानणाऱ्यांनी विमानविद्येचा इतिहास एकदा चाळून पाहावा. १८७१ साली आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे एक चिमुकले विमान पॅरिसच्या त्विलरी उद्यानात उडविले. ते जेमतेम ११ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर गेले. परंतु योग्य जागी बसविलेल्या शेपटीमुळे विमानाला स्वतःचे स्थैर्य लाभते, हे त्याने दाखवून दिले. पेनोच्याच कल्पनेवरून तयार झालेले एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी घरी आणले. त्या खेळण्याने वेडावलेली ती दोन मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे काय घडले हे सांगावयास नको.

आज बिनतारी नियंत्रणावर उडणाऱ्या विमानाचा जुळणीसंच घरपोच मिळतो. बाल्सा लाकडाच्या पातळ फासळ्या, वर ताणून बसवायचे आवरण, छोटी मोटर, पंखा, सुकाणू हलविणाऱ्या सर्व्हो मोटरी आणि बॅटरी, एवढाच त्याचा पसारा. परंतु हा पसारा जुळविताना मुलगा जे शिकतो ते पुस्तकात सापडणे कठीण. एका पंखाला किंचित पीळ राहिला, तर विमान एका बाजूला कलते. गुरुत्वमध्य नेमून दिलेल्या जागेच्या मागे सरकला, तर विमान हाताबाहेर जाते आणि बहुधा पहिल्याच उड्डाणात जमिनीवर आदळते. येथे परीक्षकाची मर्जी नसते की वशिला नसतो. चुकीचा निकाल आकाशातून खाली येतो आणि तो सर्वांसमक्ष येतो.

सुरक्षिततेचा खरा पाया या जुळणीच्या मेजावरच घातला जातो, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याने सुकाणू स्वतः बसविले, तो उड्डाणापूर्वी ते योग्य दिशेने वळते की नाही हे पाहिल्याशिवाय राहात नाही. काही पावले दूर जाऊन बिनतारी संदेश पोहोचतो का, हे तपासण्याचा त्याला कंटाळा येत नाही. विमान समोरून स्वतःकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते आणि नवशिक्याचा हात हमखास चुकतो. म्हणून आरंभी जाणत्या माणसाने शेजारी उभे राहणे आवश्यक असते. याउलट, तयार ड्रोन विकत घेणाऱ्याला यंत्रच सावरून धरते. त्याला उडविता येते, पण का उडते आणि का पडेल, हे ठाऊक असतेच असे नाही.

अर्थात छंदाच्या कौतुकात धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०१३ साली न्यूयॉर्कमधील एका उद्यानात दूरनियंत्रित हेलिकॉप्टर उडविणारा एक तरुण त्याच यंत्राच्या पात्याचा आघात होऊन मृत्यू पावला. तो नवशिका नव्हता. दीड किलो वजनाचे, वेगाने फिरणाऱ्या पंख्याचे यंत्र गर्दीत शिरले, तर ते छंद म्हणून उडविले होते की उपद्रव म्हणून, हा प्रश्न जखमी माणसाच्या दृष्टीने गौण ठरतो. लिथियम बॅटरी दुखावली किंवा चुकीच्या पद्धतीने भारित केली, तर पेट घेते. तेव्हा नियमन हवे, याविषयी दुमत असू नये.

प्रश्न आहे तो नियमनाच्या स्वरूपाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जारी केलेले ड्रोन नियम पूर्वीच्या मानाने उदार आहेत. हरित क्षेत्रात साधारणतः १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास मुभा आहे; प्रतिकृती विमानांना नमुना-प्रमाणपत्राची सक्ती नाही; आणि दोन किलोपर्यंतचे यंत्र व्यापारी हेतूविना उडविणाऱ्यास वैमानिक-प्रमाणपत्र लागत नाही. परंतु कागदावर मिळालेले आकाश प्रत्यक्षात कोठे आहे? मुंबईसारख्या शहरात ड्रोन आणि दूरनियंत्रित लहान विमाने यांच्यावर सरसकट बंदी घालणारे पोलिसी आदेश वेळोवेळी निघतात. त्यांमागील सुरक्षेची चिंता खोटी नाही. मात्र बंदी घालून दिली आणि पर्यायी जागा दिली नाही, तर जबाबदार छांदिष्ट घरी बसतो आणि बेजबाबदार माणूस गच्चीवर चढतो. अशा बंदीने साधले काय?

अमेरिकेने या पेचातून काढलेला मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. तेथे २५० ग्रॅमहून जड यंत्राची नोंदणी करावी लागते आणि त्याने उडताना स्वतःची ओळख प्रक्षेपित करावी, असा दंडक आहे. पण मान्यताप्राप्त मैदानांच्या हद्दीत, नजरेच्या टप्प्यात उडविणाऱ्यांना या प्रक्षेपणातून सवलत मिळते. तात्पर्य, शिस्त पाळणाऱ्या समूहावर शासनाने तेथे विश्वास टाकला आहे.

महाराष्ट्रात हे अशक्य नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृतींचे शिक्षण आधीपासून आहे. त्याला जोडून प्रत्येक जिल्ह्यात वस्तीपासून आणि विमानतळापासून दूर असे एखादे मैदान ठरावीक दिवशी राखून ठेवावे; तेथे जाणता प्रशिक्षक असावा, प्रेक्षकांसाठी सीमारेषा असावी आणि विम्याची सोय असावी. छंद जोपासणाऱ्यांनीही केवळ हक्काची भाषा न करता, माणसांच्या डोक्यावरून विमान न नेण्याचा नियम स्वतः कसोशीने पाळावा. वैमानिक आणि अभियंते घडविण्याच्या घोषणा आपल्याकडे उदंड होतात. ज्याला हाताने पंख जुळवावयाचे आहेत त्याला उडविण्यास जागा मिळणार नसेल, तर त्या घोषणांना अर्थ उरत नाही.