सांधे कामगाराचे, नफा मालकाचा

भिवंडी वा इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडमधून पाळी संपवून बाहेर पडणारा चाळिशीचा कामगार कंबर धरून चालतो, तेव्हा त्याच्या दुखण्याला ‘वयाचे दुखणे’ म्हणण्याची रीत पडली आहे. मालक तसे म्हणतो, गोळ्या देणारा डॉक्टर तसे म्हणतो आणि पुष्कळदा खुद्द कामगारही तसेच मानतो. ही समजूत खोटी तर आहेच, शिवाय ती मालकवर्गाच्या सोयीची आहे.

यंत्रमागावरील कामाचे स्वरूप पाहावे. पाळी बहुधा बारा तासांची. मजुरी विणून निघालेल्या कापडावर. साध्या मागाच्या धोट्यातील कांडी काही मिनिटांत संपते. ती बदलायची, तुटलेला धागा मागावर ओणवे होऊन सांधायचा आणि तत्क्षणी शेजारच्या मागाकडे वळायचे. क्षणभर बसावे तर मजुरी बुडते. सतत ताणलेल्या स्नायूला रक्तपुरवठा अपुरा पडतो. तीच हालचाल हजारो वेळा करणाऱ्या मनगटाच्या व खांद्याच्या कंडरा सुजतात. पुरेशी विश्रांती मिळाली तर ही झीज पुष्कळ अंशी भरून निघते. ती नाकारली की दुखणे कायमचे जडते. यात वयाचा अपराध कोणता?

हे ज्ञान नवे नाही. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यातच शरीराच्या अस्वाभाविक ठेवणीने व अतिरेकी हालचालींनी होणारी हानी नोंदविली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या सुधारित यादीत स्नायू व सांध्यांच्या विकारांना व्यवसायजन्य रोगांमध्ये स्वतंत्र स्थान दिले. भारतात मात्र १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूचित रोगांच्या यादीत या विकारांना जागा मिळाली नाही. त्या अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली. तिच्याही यादीत २९ रोग आहेत. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. कामगाराची कंबर, खांदा आणि गुडघा मात्र नाहीत. ज्या रोगाची नोंद नाही त्याची गणती नाही आणि ज्याची गणती नाही त्याची जबाबदारी कोणावरच नाही. राज्यकर्त्यांच्या मौनाचा अर्थ एवढाच आहे.

मालकांचा युक्तिवाद ठरलेला आहे: धंदा मंदीत आहे, वीज महाग आहे, सुधारणा परवडत नाहीत. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्या मागधारकाची ओढाताण खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याला तुटपुंजा दर देणारा व्यापारी मंदीचा भार का उचलत नाही? तो भार दर वेळी सर्वांत खालच्या माणसाच्या मणक्यावरच का उतरावा?

एका कामगाराने किती माग सांभाळावेत, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तेव्हा विणकरांवर दोनाऐवजी तीन माग लादणाऱ्या योजनेला विरोध हे त्याचे एक प्रमुख कारण होते. मागांची संख्या म्हणजे शरीरावरचा भार, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नव्हते. आजच्या चळवळीने मात्र मजुरीच्या दराची लढाई लढताना हा भार वाटाघाटीबाहेर ठेवला आहे. दर वाढवून घ्यायचा आणि वाढीव मागांनी तो शरीरातून वसूल होऊ द्यायचा, हा तोट्याचा सौदा आहे.

म्हणून कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात या मागण्या आल्या पाहिजेत: स्नायू व सांध्यांच्या विकारांचा अधिसूचित रोगांत समावेश, आठ तासांची पाळी, दर कामगारामागे मागांची कमाल मर्यादा, बसण्याची सोय, भरपगारी विश्रांती आणि बीम वाहण्यासाठी गाडा. यांतील शेवटच्या तिन्ही गोष्टींसाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही; त्या येत्या मजुरी करारातच मिळविता येतील.