डिदर कुठला, हे नंतर बघू!

गॅदरिंगची सीडी दरवर्षी निघते आणि दरवर्षी तिच्यावरून रूमवर रात्री दोनपर्यंत भांडणं होतात. यंदाही झाली. एक पार्टी नॉइज शेपिंगवाली, दुसरी साध्या टीपीडीएफवाली आणि तिसरा माझा रूम पार्टनर, "काहीही टाका, पण झोपू द्या" वाला. आता सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप शोधावा लागतो, पण लायब्ररीला आणि सरांना एकेक सीडी द्यायची प्रथा आहे. मोडणार कोण?

तर मुद्दा असा. रेकॉर्डिंग २४ बिटचं, ऑडिओ सीडी १६ बिटची. म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्यांचा आवाज ६५,५३६ पायऱ्यांत बसवायचा. खालचे ८ बिट नुसते छाटले, तर होणारी चूक सिग्नलला चिकटून राहते आणि विरत जाणाऱ्या तंबोऱ्यात डिस्टॉर्शन येतं. डिदर म्हणजे छाटण्याआधी मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट. ०.३ पायरीएवढा आवाज एरवी कायम शून्यच होणार. डिदर टाकला की तो कधी शून्य, कधी एक होतो आणि सरासरी बरोबर ०.३ येते. थोडं 'सुऽऽ' पदरी पडतं, पण डिस्टॉर्शन जातं. व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४ च्या पेपरमध्ये हे नीट मांडलंय, सिग्नल्सवाल्यांनी जरूर वाचावा.

नॉइज शेपिंगमध्ये हाच गोंगाट कानाला जास्त जाणवणाऱ्या ३-४ किलोहर्ट्झमधून उचलून वर, १५ किलोहर्ट्झच्या पलीकडे ढकलतात. छान आहे. पण आपल्या हॉलमधले पंखे कोणत्याही डिदरपेक्षा कितीतरी मोठ्याने ओरडतात! तिथे दोन डिदरमधला फरक ओळखून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ. माझं मत साध्या टीपीडीएफला. फक्त तो एकदाच आणि अगदी शेवटी टाकायचा: आधी ४८ चं ४४.१ किलोहर्ट्झ, व्हॉल्यूम, फेड, सगळं उरकून मग.

बर्निंगचंही तेच. इमबर्न घ्या, के३बी घ्या, सॉफ्टवेअर बदलून आवाज 'गोड' होत नाही. डिस्क-ॲट-वन्स मोड मात्र हवाच. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि सलग चाललेल्या भजनात मध्येच दोन सेकंदांचा खड्डा पडतो. सलग कार्यक्रमाचे ट्रॅक ५८८ सॅम्पलच्या हद्दीवरच तोडा, नाहीतर उरलेल्या जागेत शून्यं भरली जातात आणि 'टक्' ऐकू येतं. शेवटी सीडी परत रिप करून मूळ फाइलशी ताडून बघा. डेटा सीडीला चुका दुरुस्त करणारा जो जादा थर असतो, तो ऑडिओ सीडीला नसतो. बिट गेले की प्लेअर अंदाजाने भरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण एवढं भांडून गेल्या वर्षी आपण केलं काय? एकाने डिदर टाकून १६ बिट फाइल काढली, दुसऱ्याने तिचा व्हॉल्यूम वाढवून पुन्हा डिदर टाकला, तिसऱ्याने तिची एमपी३ केली आणि पेन ड्राइव्हवर तीच होती म्हणून सीडीही तिच्यावरूनच बर्न केली. २४ बिटच्या मूळ फाइल्स 'जागा नाही' म्हणून उडवल्या. तीन तासांचं स्टिरिओ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला साधारण ३.१ जीबी होतं, म्हणजे एका पिक्चरएवढं. त्यात मेसच्या काकांचा अभंग होता. काका मे महिन्यात रिटायर होऊन गावी गेले. त्यांच्या मुलाने चांगली कॉपी मागितली, तेव्हा आपण त्याला ती एमपी३ पाठवली. त्याने थँक्यू म्हटलं, हे जास्त लागलं.

म्हणून यंदा मूळ फाइल्स फ्लॅकमध्ये, चेकसमसकट दोन हार्ड डिस्कवर ठेवायच्या. एक हॉस्टेलवर, एक लायब्ररीत. लायब्ररीचे सर कपाट द्यायला तयार आहेत. दुसऱ्या डिस्कचे पैसे कमिटीने द्यावेत, एवढंच मागणं. डिदरवर भांडायला रूम आहेच.