खड्ड्यांचे उत्सव

आषाढातली पहिली मोठी सर कोसळून गेली की आमच्या हैदराबादेत दोन गोष्टी न चुकता उगवतात : पडीक जागेतला कुरडू आणि वृक्षारोपण-समारंभाची निमंत्रणपत्रिका. कुरडू कोणी न लावता उगवतो आणि आश्विनात आपला आपण फुलतो. पत्रिकेतल्या झाडांचे तसे नाही. त्यांना प्रमुख पाहुणे लागतात, ध्वनिक्षेपक लागतो, छायाचित्रकार लागतो, अल्पोपाहार लागतो. पाणीही लागते, पण त्याचा उल्लेख पत्रिकेत नसतो. यंदाची पत्रिका माझ्या टेबलावर पडली आहे. ‘सर्व निसर्गप्रेमी बंधुभगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ अशी विनंती तीत आहे. मी निसर्गप्रेमी आहे असा माझा समज आहे आणि नेमक्या त्याच कारणाने मी उपस्थित राहणार नाही.

तीन वर्षांमागे याच समारंभास मी गेलो होतो. आपल्याच मराठी मंडळींची संस्था, आपलेच आवार, आपलीच माणसे. अकरा खड्डे आदल्या दिवशी खोदून ठेवलेले होते. पाहुण्यांनी हात लावला, टाळ्या झाल्या, चित्रे निघाली. रोपांच्या मुळांभोवतीची प्लास्टिकची पिशवी फाडून काढावी लागते, हे त्या गर्दीत कोणाच्याच ध्यानी आले नाही. पाच-सहा रोपे पिशवीसकट मातीत गेली. पुढे चैत्रात काही कामानिमित्त त्या आवारात गेलो तेव्हा अकरांपैकी दोन जिवंत होती. त्यांतला एक करंज नळाजवळचा. पहारेकऱ्याची बायको भांडी विसळलेले पाणी रोज त्याच्या बुडाशी ओतीत असे. समारंभात तिला कोणी बोलावले नव्हते, हे सांगावयास नकोच. उरलेल्या नऊ जागी काटक्या उभ्या होत्या आणि भोवती, देणगीदाराच्या नावाचे पत्रे मिरवीत, लोखंडी पिंजरे. बरे, पुढल्या जुलैत काय झाले? त्याच नऊ खड्ड्यांत नवी नऊ रोपे लावली गेली. खड्डे तयारच असल्याने खोदाईचा खर्च वाचला म्हणून खजिनदार प्रसन्न होते.

ही कथा एका संस्थेची असती तर तिची धुणी चव्हाट्यावर धुण्याचे कारण नव्हते. पण हाच खड्डा आता देशभर पसरला आहे. वनमहोत्सवाची प्रथा कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली केंद्रात अन्नमंत्री असताना पाडली. हेच मुनशी १९४८ साली भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून आमच्या हैदराबादेत राहून गेले होते. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि काळही तसा होता. उजाड डोंगरांकडे लोकांनी पाहावे एवढेच त्यास हवे होते. पुढे मात्र आकड्यांना नशा चढली. तेलंगणात २०१५ साली ‘हरितहारम्’ सुरू झाले ते २३० कोटी रोपांचे लक्ष्य घेऊन. २०१६ च्या जुलैत एकट्या या शहरात एका दिवसात २५ लाख रोपे लावण्याचा संकल्प सोडला गेला. मध्य प्रदेशाने २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींवर रोपे लावल्याचे जाहीर केले. आणि १४ जुलै २०२४ रोजी आपल्या इंदूरने एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम पटकावला. इंदूरकर वाचक रागावोत, पण मी विचारतो : हे मोजमाप कोणत्या क्षणी झाले? रोपावरून हात निघाला त्या क्षणी. तिसऱ्या वैशाखातले मोजमाप कोठे आहे? ज्या गावात जन्माची नोंद होते, पण माणसे हयात आहेत की नाहीत हे कधीच कोणी पाहत नाही, त्या गावच्या लोकसंख्येवर आपण विश्वास ठेवू काय?

हैदराबादेची जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांस याहून अधिक सांगावे लागू नये. वर हातभर मुरूम आणि खाली पाषाण. येथे रोपाला दोन-तीन उन्हाळे कोणीतरी हाताने पाणी घातल्यावाचून ते मूळ धरीत नाही. हे कष्ट टाळून हिरवेपणा दाखवावयाचा तर एकच वाट उरते, ती म्हणजे कशातही तग धरणारे आणि झटपट वाढणारे परके झाड. तसे ते आणलेही. रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांत कोनोकार्पसच्या भिंती उभ्या राहिल्या. वर्षभर गर्द हिरव्या, कापाल तशा आकाराच्या; ना फळ, ना आसरा. पुढे त्याच्या परागांनी दम्याचा त्रास होतो आणि मुळे जमिनीखालच्या नळांत व गटारांत शिरतात अशा तक्रारी आल्या, तेव्हा तेलंगणातही ते लावू नये असे सांगण्यात आले आणि गुजरात सरकारने २०२३ साली त्यावर बंदीच घातली. कडुलिंब ज्या भूमीचे लेकरू, तेथे शोभेसाठी ही पाहुणी आणली गेली!

यावर ठरलेले उत्तर येते : ‘काहीच न करण्यापेक्षा काहीतरी बरे. मुलांवर संस्कार होतो. आणि शहराचा गौरव झाला तो काय उगाच?’ गौरव झाला खरा. २०२२ साली दक्षिण कोरियात हैदराबादेला ‘जागतिक हरित नगर’ हा सन्मान मिळाला. बाह्यवळण मार्गाच्या दुतर्फा वाढवलेली हिरवाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो फुकटचा वाटणार नाही. तेथे पाण्याची नळी पोहोचली म्हणून झाडे जगली; म्हणजे तो दाखला माझ्याच बाजूचा. संस्काराचे म्हणाल तर मला त्याचीच भीती वाटते. झाड लावणे म्हणजे एका सकाळचे काम, टाळ्या वाजल्या की संपले, हाच धडा त्या मुलांच्या मनावर ठसतो. झाड जगवावे लागते हे त्यांना कोण सांगणार? आणि उभे झाड वाचवावे लागते हे तर त्याहून अवघड, कारण त्या समारंभास पाहुणे येत नाहीत.

तसा एक समारंभ आमच्या शहराने पाहिला आहे. ३० मार्च २०२५ रोजी गुढीपाडवा होता. काचीगुड्यापासून सुलतानबाजारापर्यंत मराठी घरांतून गुढीला कडुलिंबाची डहाळी बांधली जात होती, तेलुगू घरांतून उगादीच्या पच्चडीत त्याच लिंबाची फुले पडत होती. त्याच दिवशी हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकर रानात यंत्रे शिरली होती. कंचा म्हणजे तेलुगूत चराऊ रान. तेथे मोर होते, चितळ होते, झाडझाडोरा होता. आणि तो कोणत्याही मंत्र्याच्या शुभहस्ते लागलेला नव्हता. विद्यार्थी आडवे गेले, त्यांतल्या पन्नासांहून अधिकांस पोलिसांनी उचलून नेले. सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिलला काम थांबवले तोवर शंभरेक एकर उघडे पडले होते. मला येथे कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावयाची नाही. कोट्यवधी रोपांचा उत्सव एका पक्षाच्या राज्यात सुरू झाला आणि रानात यंत्रे दुसऱ्याच्या राज्यात गेली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. प्रश्न आपला आहे. दर जुलैत खड्ड्याभोवती उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या किती संस्थांनी त्या चार दिवसांत एक पत्रक तरी काढले? आमच्या संस्थेने काढले नाही. मी तिचा आजीव सभासद आहे. मीही ते मागितले नाही.

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी घरच्या देव्हाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. ज्येष्ठ पौर्णिमेस आमच्या सुवासिनी वडाची पूजा करतात. ज्या व्रताने वडाच्या बुंध्याला हात जोडावयास शिकवले, त्या व्रतासाठी आता आदल्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग येतात. त्या विकत आणून कुंडीत रोवून त्यांनाच सूत गुंडाळले जाते. सात जन्मांचे आयुष्य मागावयाचे आणि ज्याच्यापुढे मागावयाचे त्याचाच हात तोडून आणावयाचा! आणि हे कोणत्या शहरात? जेथून विजापूरच्या रस्त्याला लागले की चेवेळ्याच्या आसपास निजामी अमदानीतले नऊशेच्या घरातले वड दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, त्या शहरात. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा घाट पडला तेव्हा काही नागरिकांनी एकेक वड मोजून, त्याची जागा टिपून, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेले. माझ्या मते खरी वटपौर्णिमा त्या माणसांनी केली. आपल्या भगिनीमंडळांनी एका ज्येष्ठात एक गाडी करून तेथे जावे, उभ्या वडाला सूत गुंडाळावे आणि तेथेच बसून डबे खावेत. याला अध्यक्ष लागत नाही.

निसर्गाच्या ओढीने शहराने एकत्र येऊच नये असे मी म्हणत नाही. आमच्याच शहरात त्याचा एक नमुना आहे, आणि तो मला सर्व विक्रमांहून मोठा वाटतो. अफझलगंजला उस्मानिया रुग्णालयाच्या बागेत एक जुनी चिंच आहे. तिचे वय लोक चारशे वर्षे सांगतात. ते खरे असो वा नसो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्याच पुरात डोळ्यांदेखत गेली. पुढे विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले, त्यांच्या सल्ल्यावरून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. ती शास्त्राची कामगिरी. पण पुराच्या त्या वेळी पाण्यावर उभे काय होते? ही चिंच. तिच्या फांद्यांना धरून दीडशेच्या वर माणसे जगली. तिला लावणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नाही. दर वर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक तिच्या खाली जमतात, पुराची हकीकत सांगतात, गेलेल्यांचे स्मरण करतात, नदीच्या आजच्या दशेबद्दल बोलतात आणि घरी जातात. खड्डा नाही, फीत नाही. झाड जेथे आहे तेथे माणसे जातात. आमच्या तेलुगू भगिनींचा बतुकम्माही असाच : तरवडाची पिवळी फुले आणि कुरडूचे तुरे यांवाचून तो मांडताच येत नाही, म्हणून ज्या वाडीत तो अजून जुन्या रीतीने होतो, तेथल्या पोरीबाळींना तरवड कोठे उगवतो हे ठाऊक असते. आपल्या शाळांतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

तेव्हा पत्रिकेच्या उत्तरादाखल मी चिटणीसांना पत्र लिहिले. यंदा एकही नवे रोप लावू नये. मागील सर्व वर्षांत लावलेल्यांपैकी किती जगली याची यादी सूचनाफलकावर लावावी. दोनच असतील तर दोन लिहावीत. समारंभ वैशाखात ठेवावा, सकाळी सहा वाजता, आणि प्रत्येकाने येताना घरून एक बादली आणावी. पेव्हरच्या फरशांनी ज्यांचे बुंधे आवळले आहेत, अशी फाटकाबाहेरची तीन झाडे त्या दिवशी मोकळी करावीत. गणेशोत्सवात आवारातल्या लिंबाला खिळे ठोकून विजेच्या माळा लावतात, ते बंद व्हावे. पहारेकऱ्याच्या बायकोला पहिल्या रांगेत बसवावे.

चिटणीस तरुण आहेत, सज्जन आहेत. परवा वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, “काका, पत्र पोहोचले. पण वैशाखात पाहुणे कोण येणार? आणि त्या सुमारास आपली निम्मी मंडळी गावी असतात.” मी म्हटले, “जी येथे असतील ती येतील.” त्यांनी पत्र कार्यकारिणीपुढे ठेवण्याचे कबूल केले आहे. बैठक समारंभ आटोपल्यानंतरच्या रविवारी आहे.