पारा सगळे मोजतात, ऊन कोण मोजणार?

मे महिना आला की आपल्या चंद्रपूरचं नाव देशभर गाजतं. आज ४५, उद्या ४६. ब्रह्मपुरी पुढे की चंद्रपूर, यावर पानटपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत चर्चा. पण दिवसभरात ऊन नेमकं किती तास पडलं, हे कुणी विचारत नाही. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला तर तोच आकडा जास्त कामाचा.

धानाचंच बघा ना. सप्टेंबर-ऑक्टोबरात धान निसवतो, दाणा भरतो. नेमकं तेव्हा आठ-दहा दिवस आभाळ दाटून राहिलं तर पाऊस पुरेसा असूनही लोंबीत पोचट दाणे राहतात. वरून तुडतुडा, करपा. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. ऊन नाही मोजत. मग ‘साहेब, ऊनच नव्हतं’ हे शेतकऱ्यानं कोणता कागद दाखवून सांगायचं?

यात नवीन शोध लावायचा नाहीये. भरीव काचेचा एक गोळा, मागे जाड कागदाची पट्टी. गोळ्यातून ऊन एका बिंदूवर एकवटतं आणि पट्टी जळत जाते, ढग आला की जळणं थांबतं. दिवस संपल्यावर जळालेली रेघ मोजायची, झाले उन्हाचे तास. कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये हे काढलं, स्टोक्स यांनी १८७९ मध्ये सुधारलं. आता इलेक्ट्रॉनिक सेन्सरही मिळतात. थेट किरणांची तीव्रता दर चौरस मीटरला १२० वॅटच्या वर असली की ते ऊन, अशी जागतिक हवामान संघटनेची व्याख्या आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. चंद्रपूर आणि गडचिरोली जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. दिवसाची लांबी दोन्हीकडे सारखीच, जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरात अकरा. म्हणजे उन्हाच्या तासांत फरक आला तर तो ढगांचा, धुक्याचा नाहीतर धुराचा. इकडे २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट कारखाने. तिकडे जंगल. ढगाळ दिवस वगळून नुसते निरभ्र दिवस शेजारी ठेवले, तर धूर आपलं ऊन किती खातो याचा अंदाज येईल. (गडचिरोलीची हवाही अगदी स्वच्छ समजू नका, मोहफुलाच्या दिवसांत जंगलात लागणारी आग आठवा.)

बनारस हिंदू विद्यापीठ, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि हवामान खातं यांच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२५ मध्ये आला. १९८८ ते २०१८ या काळात देशात बहुतेक ठिकाणी उन्हाचे तास घटल्याचं त्यात दिसलं, कारण ढग आणि हवेतले सूक्ष्म कण. पण अख्ख्या देशासाठी केंद्रं किती, तर २०! त्यावरून आपल्या सिंदेवाहीचं किंवा अहेरीचं काय कळणार?

आणि मोजायचंच तर नीट मोजा. एकीकडे काचेचा गोळा, दुसरीकडे सेन्सर, असं करून तुलना होत नाही. पूर्वेला सागाची रांग असली तर सकाळचा अर्धा तास तिथेच गेला. पट्टी दमट असली तर कोवळ्या उन्हात जळतच नाही, आणि जंगलात दव काही कमी पडत नाही. म्हणून चंद्रपूर, सिंदेवाहीचं कृषी संशोधन केंद्र, गडचिरोली आणि सिरोंचा, चारही ठिकाणी एकच उपकरण, मोकळी जागा आणि रोजचा आकडा लोकांसमोर, एवढीच मागणी आहे. सौर पंपांचा एवढा गाजावाजा चाललाय, त्या मानाने हा खर्च म्हणजे चिल्लर. खनिज विकास निधीतून सहज होईल. दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घ्यावं.

तोवर ज्यांच्या घरावर सोलर आहे त्यांनी या आठवड्यातले रोजचे युनिट, गावाचं नाव आणि पॅनेल किती किलोवॅटचं ते खाली कमेंटमध्ये टाका. घुग्घुस, राजुऱ्यावाल्यांनी पॅनेल शेवटचं कधी पुसलं तेही लिहा, नाहीतर धूळ उन्हाच्या खात्यात जमा व्हायची.