चाळणी कोणाच्या हाती?

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना प्रथम ज्या शंभर जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत महाराष्ट्रातील दहा होते आणि त्या दहांत वाशिम होता. निवडीचा मुख्य निकष मुलींचे घटलेले प्रमाण हा होता. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या. तेव्हा इंटरनेटवरील शोधात काय दिसावे आणि काय झाकावे हा वाद महानगरातील सुखवस्तूंचा आहे, असे मालेगाव-रिसोडच्या कार्यकर्त्याने समजू नये.

गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीला १९९४ च्या कायद्याचे कलम २२ मनाई करते. २००३ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात इंटरनेटचाही स्पष्ट समावेश झाला. तरीही शोधयंत्रांवर अशा जाहिराती झळकत राहिल्या, म्हणून डॉ. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी ठरावीक शब्दांचे शोध आपोआप रोखण्याचे मान्य केले ते २०१६ मध्ये. आठ वर्षे! शोध फुकट मिळतो असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात त्याचे पैसे जाहिरातदार मोजतो, आणि पैसे मोजणाऱ्याला अडवण्याची घाई कोणत्याच व्यापाऱ्याला नसते.

ती बंदी आवश्यकच होती. परंतु नुसते शब्द अडवणारे यंत्र आंधळे असते. गर्भलिंगनिदान कोठे होते हे शोधणारा आणि त्याविरुद्धचा कायदा शोधणारी आशा कार्यकर्ती, यांचे शब्द पुष्कळदा एकच असतात. हा धोका नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्या वेळी अश्लीलतेच्या चाळणीत अडकले होते ते लैंगिक आरोग्याचे ज्ञान.

कायद्याने घातलेली बंदी निदान जाहीर तरी असते. तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. मोबाईलमध्ये ‘फिल्टर’ नावाची जी चाळणी वापरणारा स्वतः लावतो, तिचा प्रश्न वेगळा आहे. एखाद्याने काही मजकूर नको म्हणून चाळणी लावली आणि पुढे स्वतःच नेमका तोच विषय शोधला, तर यंत्राने कोणती आज्ञा मानावी? नंतरची आज्ञा खरी मानून चाळणी गुपचूप बाजूला सारली, तर तिला अर्थच राहत नाही. शिवाय एकाच घरातला तो मोबाईल संध्याकाळी मुलाच्याही हाती जातो. उलट, चाळणी अंतिम मानून कोरे पान दाखवले, तर शोधणाऱ्याची समजूत अशी होते की जगात ही माहितीच नाही. दुसरी चूक अधिक घातक आहे. जुन्या ग्रंथालयांत काही पुस्तके कुलूपबंद कपाटात असत, पण त्यांची कार्डे सूचीतून कोणी फाडून टाकत नसे. यंत्रानेही तेवढा प्रामाणिकपणा पाळावा. चाळणी पाळावी, पण तिच्यामुळे काही मजकूर रोखला आहे हे स्पष्ट सांगावे, आणि ज्याने ती लावली त्याला त्या एका शोधापुरती ती उठवण्याची मुभा द्यावी. पैसे भरून वर आलेल्या जाहिरातींनाही तीच चाळणी लागू झाली पाहिजे. तेथे सवलत नको.

चाळणी लावणारा आणि शोधणारा एकच असेल, तर एवढे पुरे. पण आपल्याकडे बहुधा तसे नसते. गूगलचा सेफसर्च पालकाला किंवा संस्थेच्या संगणकजाळ्याच्या चालकाला कायम चालू ठेवता येतो, आणि मग वापरणाऱ्याला तो बंद करता येत नाही. लहान मुलांसाठी ते ठीकच. परंतु पाळीच्या तक्रारीविषयी किंवा गर्भपाताच्या कायद्याविषयी शोधणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या मोबाईलची किल्ली नवऱ्याच्या अथवा सासऱ्याच्या खिशात असेल, तर तिला संरक्षण म्हणता येणार नाही. ती जुनीच पालकशाही आहे.

कंपन्यांशी झगडा लांबचा आहे. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना मात्र माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा लागू करून घेता येतो. कारंजा, मंगरूळपीर, मानोरा येथील अशा ज्या ग्रंथालयांत व महाविद्यालयांत संगणक आहेत, तेथे कोणती चाळणी लावली आहे, कोणाच्या आदेशाने लावली आहे आणि ती उठवण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे संगणकाशेजारी मराठीत लिहून लावण्याची मागणी तालुका समित्यांना याच महिन्यात करता येईल.